विहिरीची जागा

मानपाड्यातल्या सोसायटीला आवारातली बुजवलेली विहीर उघडून तिच्यात पावसाचं पाणी जिरवून तेच वापरायचं होतं. विहीर दौलतच्या आजोबांनी खणलेली. जमीन बिल्डरला दिल्यावर तिच्यात डेब्रिज ओतलं, तेही दौलतच्याच डंपरने. आता डंपर गेला, पाण्याचा टँकर आला. सोसायटीला रोज तीन खेपा तोच मारायचा. विहीर उघडली की खेपा बंद. “काका, नक्की जागा कुठली?” इंजिनिअरने विचारलं. दौलतने गेटजवळच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे खडूने गोल काढला गेला. तेवढ्यात लिफ्टमधून दौलतची आई उतरली. मागे नातसून, बारा दिवसांची बाळंतीण, हातात हळदकुंकवाचं ताट. घरातल्या बाळंतिणीने बाराव्या दिवशी विहीर पुजायची, ही रीत म्हातारीने विहीर बुजल्यावरही सोडली नव्हती. खडूच्या गोलाकडे न बघता ती सरळ पार्किंगच्या टोकाला जाऊन थांबली. “दौलत,” ती म्हणाली, “टँकर जरा पुढं घे. विहिरीवर लावलायस.”