डाव्या बुटाची पारख

पारख्याने डावा बूट नाकाशी नेला, तसा समोर बसलेल्या बाईने श्वास रोखून धरला.

दुर्मीळ बुटांच्या खरेदी-विक्रीचं ते दुकान. मागच्या चिंचोळ्या खोलीत पारखी बसायचा. त्याने ओरिजिनल म्हटलं, की बूट दुकानातल्या काचेच्या कपाटात जायचा, आणि मग कुणीतरी हौशी तो विकत घेऊन स्वतःच्या घरच्या काचेच्या कपाटात ठेवायचा. बूट पायात घालतात, हे इथे कुणाच्या गावीही नव्हतं. त्याने डुप्लिकेट म्हटलं, की मात्र विषय संपला.

तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा वास घेऊन झाला. पारख्याने मान डोलावली. मग सुकतळा उचलून खालचा छाप पाहिला, निळ्या दिव्याखाली रंग पाहिला. प्रत्येक वेळी त्याची मान डोलली आणि बाईच्या चेहऱ्यावर थोडं रक्त परत आलं.

मग त्याचा अंगठा टाचेवर थांबला. त्याने भिंग काढलं.

"डुप्लिकेट आहे, ताई."

"नीट बघा ना. परत एकदा बघा."

"बघितलं. कुठून घेतलेत?"

"आता ते सांगून काय होणार?" ती पुढे वाकली. "पण कशावरून म्हणता तुम्ही?"

पारख्याने बूट खोक्यात ठेवला. "कारण सांगायचं नाही, असा दुकानाचा नियम आहे. कारण सांगितलं, की लोक हुज्जत घालत बसतात."

"मी हुज्जत घालत नाही हो. पण मी घरी काय तोंड दाखवू? नवरा चांगली नोकरी सोडून बसलाय या बुटांपायी. सासूबाई तर सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. अख्ख्या घराने जीव ओतलाय यात."

आणि ती रडली. खोटं रडणारे त्याने पुष्कळ पाहिले होते, ही तशी नव्हती. पदराने डोळे पुसत होती आणि डोळे परत भरत होते. असल्या भोळ्या माणसांना टोपी घालणाऱ्यांचा त्याला मनापासून संताप यायचा.

त्याने उठून दार लोटलं.

"मालकांना कळलं तर माझी नोकरी जाईल," तो हळूच म्हणाला. "इकडे या. बूट फार हुशारीने बनवलाय. मीसुद्धा फसणार होतो. पण ही टाचेची शिलाई बघा. कशी आहे?"

"सरळ आहे," ती म्हणाली. "सुबक आहे."

"तिथेच गोम आहे! हा लॉट कंपनीने घाईघाईत काढला होता. ओरिजिनलमध्ये डाव्या टाचेचे शेवटचे टाके बाहेर सरकलेले असतात. हे बघा." त्याने खोलीतल्या कपाटातला एक ओरिजिनल डावा बूट काढून शेजारी ठेवला. "उजवा मात्र अगदी सरळ. चोर बिचारा चूक करायला घाबरला."

ती वाकून बघत राहिली. त्या वाकड्या टाक्यांवरून तिने बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा.

"बाकी काही?"

"बाकी बोट ठेवायला जागा नाही. पोलिसांत तक्रार करा, ताई. सोडू नका त्यांना."

"बघते," ती म्हणाली. जाताना तिने हात जोडले. "तुमचे उपकार विसरणार नाही, भाऊ."

त्या बाईच्या विचाराने पारखी दिवसभर बेचैन होता. आपण नियम मोडला, याचं त्याला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

घरी नवरा दारातच उभा होता. तिचा चेहरा पाहून त्याने मुकाट्याने खोकं हातात घेतलं. सासूबाई चष्मा सावरत आतून आल्या.

"काय म्हणाला गं तो?"

"डुप्लिकेट म्हणाला."

सासूबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती सासूबाईंशेजारी बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"रडू नका, आई. वास, छाप, रंग, सगळं पास झालं. फक्त तुमची शिलाई फार सरळ येते. उद्यापासून डावी टाच तेवढी वाकडी मारा."