दोन चुलींचं घर

"आधी पलीकडे जाऊन जिभेवर मासा ठेव. मग हात धुऊन माझ्या पंगतीला बस," पिशिमा म्हणाल्या.

तपतीने कपाळाला हात लावला. पायाचा अंगठा सुजून टम्म झालेला. डॉक्टरांनी मासे, मटण, मसूर, सगळ्यावर काट मारलेली. आणि नवऱ्याची ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या आपल्या सोवळ्या स्वयंपाकघराच्या दारात वाट अडवून उभी.

"डॉक्टरांनी सांगितलंय, पिशिमा. साधं निरामिष खायचं."

"खा की. पण चिमूटभर मासा आधी. कुंकवाच्या बाईनं मासा सोडला की नवऱ्याचं आयुष्य घटतं. प्रणब माझा एकुलता एक भाचा आहे, बौमा." सुनेला त्या बौमाच म्हणायच्या.

तपती शाळेत विज्ञान शिकवायची. पण म्हाताऱ्या माणसाशी कोण हुज्जत घालणार? ती पलीकडच्या चुलीवरच्या कढईतून रोहूचा नखाएवढा तुकडा तोंडात टाकून आली. मग हा रोजचाच शिरस्ता झाला.

बंगालातल्या कटव्याच्या त्या घरात दोन चुली होत्या. एकीवर मासे, कांदा, लसूण. दुसरी पिशिमांची. तिथे एकाच पितळी पातेल्यात मूठभर आतप, म्हणजे न उकडलेले तांदूळ, कच्चं केळं, लाल भोपळ्याची फोड, फडक्यात बांधलेली मूगडाळ असं सगळं एकत्र शिजायचं. वरून चमचाभर तूप आणि मीठ. मसूरही चालत नसे. विधवेला ती माशासारखीच वर्ज्य. तांदूळ घेताना पिशिमा डब्यात हात घालून क्षणभर थांबायच्या. देवाचं नाव घेत असतील, असं तपतीला वाटे.

महिन्याभरात अंगठ्याची सूज उतरली. तपतीला त्या जेवणाची गोडी लागली. तुपातलं केळं इतकं चवदार असतं हे तिला पन्नाशीत कळत होतं. पण घास गोड लागला की मागोमाग तिची तिलाच लाज वाटायची. ती स्वतः या चुलीवर दोन महिन्यांची पाहुणी. पिशिमा छत्तीस वर्षं हेच खात होत्या, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अठ्ठावीस पावसाळे तपतीने त्यांच्या नाकासमोर इलिश मासा तळला होता आणि एकदाही दार लोटून घेतलं नव्हतं.

पिशिमांचे यजमान यामिनीकांत आसामात चहाच्या मळ्यावर कारकून म्हणून गेले ते गेलेच. पत्र नाही, निरोप नाही. बारा वर्षं वाट पाहून पिशिमांच्या थोरल्या भावाने रीतीप्रमाणे त्यांना मेलेलं धरून गवताचा माणूस केला आणि गंगेकाठी जाळला. त्या संध्याकाळी बेचाळीस वर्षांच्या पिशिमांचं कुंकू पुसलं गेलं, शंखाच्या बांगड्या फुटल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी ही वेगळी चूल घातली गेली.

आश्विन संपताना टपालाने श्राद्धाचं निमंत्रण आलं. आसामातल्या तिनसुकियाहून. कै. यामिनीकांत भादुडी, वय चौऱ्याऐंशी, गेल्या मंगळवारी अल्पशा आजाराने. खाली दोन मुलग्यांची आणि एका मुलीची नावं.

तपतीने कार्ड पुन्हा वाचलं. गेल्या मंगळवारपर्यंत माणूस जिवंत होता!

प्रणब म्हणाला, फाडून टाक. ज्याच्यासाठी जन्मभर जिभेला मारलं, तो तिकडे पोरंबाळं घेऊन नांदत होता, हे आता कळून आत्याला काय मिळणार? उरलेली दोन-चार वर्षंही कडू होतील. तपतीलाही ते पटलं. तीन दिवस तिने कार्ड वहीत दडवून ठेवलं. पण पिशिमांसमोर पानावर बसलं की तिला ते कार्डच आठवे. त्या बाईच्या तोंडचा घास आपण सगळ्यांनी मिळून काढला, निदान खरं तरी तिच्यापासून लपवू नये, असं तिला राहून राहून वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी तिने सांगितलं. सांगता सांगता तिलाच रडू आलं.

पिशिमांनी पातेलं उतरवलं. कार्ड हातात घेतलं, डोळ्यांशी नेलं, मंगळवार कुठला ते दोनदा विचारून घेतलं. मग तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळातून एक चिंधी काढली. चिंधीत पिवळं पडलेलं पोस्टकार्ड होतं.

तपतीने वाचलं. 'मी तिनसुकियात सुखरूप आहे. इथे संसार केला आहे, एक मुलगाही आहे. जमलं तर क्षमा कर. यामिनी.' तारीख गवताचा माणूस जाळल्यानंतर तीन आठवड्यांची होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दादाला दाखवलं नाही. कुणालाच नाही."

"अहो, मग तुम्ही विधवा नव्हताच!" तपतीचा आवाज चिरकला. "नवरा जिवंत आहे हे ठाऊक असताना छत्तीस वर्षं हे विधवेचं जेवण कशाला जेवत राहिलात?"

"ठाऊक होतं म्हणूनच," पिशिमा म्हणाल्या. "कुंकवाच्या बाईनं मासा सोडला की काय होतं, ते तुला रोज सांगत होते ना? मी एक दिवस चुकवला नाही."

त्यांनी समोरचा वाफाळता भात हळूच बाजूला सारला. पलीकडच्या चुलीकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"उद्या इलिश आण, बौमा. काटे तेवढे तू काढून दे. दात होते तोवर काही मेला नाही तो."