चौथा पाटा

यू-बोल्ट निघाले, जीपच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे सुटे झाले, आणि प्रशीलचा हात चौथ्या पाट्यावर थांबला.

तुटलेला. वर्षातला हा तिसरा. दर वेळी चौथाच तुटायचा, वरचा मुख्य पाटा कधीच नाही.

त्याने जीपखालून डोकं बाहेर काढलं. उखर्डू नाना निंबाखालच्या बाकावर बसले होते, काठी मांडीवर आडवी. सत्तरीचा माणूस. गाव चाळीसगाव सांगायचा. पण जीपच्या मागच्या पत्र्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, आणि चाळीसगावकडे तर सगळी कपाशी.

चहावाला भिकन ग्लास ठेवता ठेवता पुटपुटला, "चाळीसगावले गॅरेज नहीत का? आठेच का येस हाऊ? वाळूवाला शे, भाऊ."

हा इथेच का येतो, ते प्रशीललाही कळेना. चोरट्या वाळूच्या गाडीला जादा पाटे चढवले म्हणून गेल्याच महिन्यात पलीकडच्या गॅरेजला कुलूप लागलं होतं. आणि त्याचं घर या एका शटरवर उभं होतं. म्हणून नानांपुढे तो जपूनच बोले. ना घराचा पत्ता सांगितला, ना घरातल्या कुणाचं नाव.

माणूस होताही विचित्र. पहिल्या खेपेला पाण्याची कळशी स्वतःची घेऊन आला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं आणि डब्याला नको म्हणाला. प्रशीलला त्याचं नवल नव्हतं. बायकोच्या माहेरानेही आठ वर्षं त्याच्या घरचं पाणी टाळलं होतं; त्यातल्या कुणाचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला मात्र नानांनी अर्धी भाकरी मागून घेतली. आज कळशीच आणली नव्हती.

प्रशीलने पत्र्यावरून बोट फिरवलं. वाळूचा कण लागला नाही. मग त्याने तुटका पाटा उन्हात धरला. निम्मी कड मोडलेली, खडबडीत. निम्मी सरळ, आरशासारखी चकाकती.

तो तडक निंबाखाली गेला.

"नाना, हा तुटला नाही. आरीने कापलाय. कोणी?"

"मीच."

भिकनच्या हातातली किटली तशीच राहिली.

"कशासाठी?"

नाना सावलीकडे बघत म्हणाले, "एक वाजला का हो मिस्तरी?"

"हे बघा, दोन्ही बाजूंचे सगळे पाटे नवे टाकतो. दहा वर्षं बघायला नको. पण परत इकडं यायचं नाही."

"दहा वर्षं," नाना हळूच म्हणाले. "कुठली आता दहा वर्षं!"

प्रशील परत जीपखाली शिरला. पाटे चढवले, सेंटर बोल्ट आवळला, यू-बोल्ट कसले. जीपची मागची बाजू चार बोटं उचलली गेली. एक वाजून गेला होता. हात धुऊन त्याने बायकोने दिलेला डबा उघडला. हिरव्या मिरचीतलं वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. राग होताच, पण दारात माणूस बसलेला असताना एकट्याने जेवायचं कसं?

"या नाना. घ्या."

नानांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं. भाकरीचा तुकडा मोडला, भरीताला लावला, डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिले.

"लहानपणापासून सांगतोय तिला," ते म्हणाले, "तरी सविता मीठ कमीच घालते."