मोटारीचा नमस्कार

निजामाच्या अमदानीत दिंद्रुडच्या रस्त्यावर बद्रीनाथची एकच लारी चालायची. तिचं स्टेरिंग आणि पुढचे स्प्रिंगचे पाटे इतके झिजले होते, की उतारावर ती आपोआप डावीकडे ओढायची आणि थेट उताराखालच्या, रस्त्याकडेच्या म्हसोबाच्या पायाशी जाऊन थांबायची. मोटार देवाला नमस्कार करते म्हणून लोक बैलगाडी सोडून तिच्यात बसायचे.

एकदा लारी म्हसोबाच्या अंगावर जाता जाता राहिली. बद्रीनाथनं धसका घेतला. जालन्याहून सामान आणून, तीन दिवस लारीखाली उताणं पडून, त्यानं झिजलेलं सगळं स्वतःच्या हातानं बदललं. चौथ्या दिवशी लारी उतारावरून नाकासमोर निघून गेली.

म्हातारी सुंदरबाई म्हणाली, "थांबव बाबा, आमी उतरतो. देवाला न जुमानणाऱ्या गाडीत कोण बसंल?"

तिच्यामागं सगळेच उतरले. आठ दिवस लारी रिकामी फिरली. शेवटी बद्रीनाथ आप्पाराव पाटलाकडं गेला.

"पाटील, गाडी पुन्हा बिघडवू का?"

"कशाला रं? लई झ्याक चालती की. मी बघतो."



दुसऱ्या दिवशी पाटलानं चार गडी लावून म्हसोबाच उताराखाली, लारीच्या नाकासमोर, रस्त्याच्या मधोमध आणून बसवला.