शिडी आधीच लावलेली होती

धुकं इतकं दाट होतं की अँब्रोजला कामावरचा खंदक दिसलाच नाही. दिसली ती फक्त त्यातून वर आलेली शिडीची दोन टोकं. खाली पाणी उपसायचा पंप घरघरत होता. लांब बंदरात भोंगा वाजत होता आणि सेंट जॉन्स शहराची रंगीत घरं कुणाच्या तरी झोपेत असल्यासारखी पुसट झाली होती. अशी सकाळ अँब्रोजला फार आवडायची.

ऑफिस म्हणून ठेवलेल्या ट्रेलरमध्ये माणसं चहाचे मग धरून उभी होती. मुकादम सिरिल रोजची उजळणी घेत होता.

"शिडी कुठे हवी?"

"पळत गाठता येईल अशी."

"मातीला लोखंडी आधार नसेल तर?"

"उतरायचं नाही."

"का?"

"कारण माती सांगून येत नाही," म्हातारा लिओ जांभई देत म्हणाला. सगळे हसले. उत्तरं सगळ्यांना प्रार्थनेसारखी पाठ होती.

"आज शिडी कुणी लावली? पंपही चालू केलाय."

माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"लाजता काय लेको? शाबासकी देतोय मी."

मग हजेरीचा कागद फिरला. अँब्रोजने आपली सही केली आणि पाठोपाठ कर्टिसचीही. कर्टिस त्याच्या धाकट्या बहिणीचा, नोरीनचा नवरा. स्वभावाने सोन्यासारखा, पण सकाळी अंथरूण सुटत नसे. आणखी एक खाडा झाला की नोकरी जाणार, असं सिरिलने त्याला बजावलं होतं. नोरीनला सातवा महिना होता. कर्टिसच्या सहीतला खाली वाक असलेला तो 'सी' काढायला अँब्रोजचा हात केव्हाच सरावला होता.

तेवढ्यात बाहेर धप्प आवाज झाला. मोठा नव्हता. पंप मात्र बंद पडला.

सगळे धावले. खंदकाची एक बाजू आत बसली होती आणि शिडी अर्धी बुडाली होती. सिरिलने माणसं मोजली. दहा भरली. कागदावर अकरा सह्या होत्या.

"कर्टिस कुठाय?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फावडं घेऊन खाली उडी टाकली. त्याच्यामागून लिओ आणि आणखी तिघे उतरले. सगळी पाठ केलेली उत्तरं वरच राहिली.

खंदकाच्या समोरच्या भिंतीतून माती झिरपू लागली होती. अँब्रोजला ती बारीक, शांत धार दिसत होती. बोलावं तर नोरीनचं घर बसणार. गप्प राहावं तर हे पाच जण जाणार.

"वर या!" तो ओरडला. "तो आलाच नाही आज. सही मी केलीय."

सिरिलने वर पाहिलं. "शपथ घे."

"आईची शपथ. रोज मीच करतो."

लिओने कर्टिसला फोन लावला. नुसता वाजत राहिला.

"झोपलाय गाढव," लिओ म्हणाला.

पाचही जण वरून टाकलेल्या दोरीला धरून वर आले. शेवटच्याचा बूट काठाला लागतो न लागतो तोच समोरची भिंत खाली गेली.

मग सिरिलने अँब्रोजला मिठी मारली.

"कर्टिसला मी काढणार नाही," तो म्हणाला. "पण त्याला म्हणावं, उद्या स्वतः येऊन सही कर. तू जा घरी. आज इथे आता काम होणार नाही."

अँब्रोज टेकडी चढून बहिणीच्या घरी गेला. धुकं अजून विरलं नव्हतं, पण छाती हलकी झाली होती. किती महिन्यांनी त्याला खोटं बोलल्याचं ओझं वाटत नव्हतं. कर्टिसला लाथ घालून उठवायचं, मग तिघांनी मिळून चहा प्यायचा, असं त्याने ठरवलं.

नोरीनने दार उघडलं. तिच्या हाताला पीठ होतं.

"दादा? तू या वेळी?"

"उठव तुझ्या नवऱ्याला."

ती हसली.

"अरे, तो तर पाचलाच उठून गेला. म्हणाला, आज दादाला माझी सही करू देत नाही, सगळ्यांच्या आधी जाऊन शिडी लावतो."