अडलेली म्हैस

"रेडकाचा पाय आत दुमडलाय," असं सांगून डॉक्टर करुणाने हाताला खांद्यापर्यंत साबण लावला, तेवढ्यात व्यंकटरावांनी विचारलं, "बाई, आडनाव काय म्हणालात?"

"सोनकांबळे."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "तालुक्याहून दुसरा डॉक्टर बोलावला तर?"

"बोलवा की. त्यांना यायला दोन तास लागतील. म्हैस अर्धा तासही काढायची नाही."

आवाज न चढवता ती तशीच उभी राहिली. तीन वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न तिने कितीतरी गोठ्यांत ऐकला होता. म्हशीने थकून मान जमिनीवर टेकली, तसे व्यंकटराव मुकाट्याने बाजूला सरले.

वीस मिनिटांनी रेडी बाहेर आली, फुर्रकन शिंकली आणि धडपडत उठायला लागली. व्यंकटरावांनी उपरण्याने डोळे पुसले.

सून मुक्ता चहा घेऊन आली. सासऱ्यांना कपबशी आणि करुणासाठी गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेला, कान तुटलेला कप.

"ताई, वेगळ्या कपातला चहा मी घेत नाही," करुणा म्हणाली. "घरच्या कपात दिलात तर आवडीने घेईन."

मुक्ताने सासऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तुटका कप तिने उकिरड्यावर भिरकावला आणि आतून दुसरी कपबशी भरून आणली.

रेडी आईला लुचू लागली, तेव्हा व्यंकटरावांनी स्वतःच ओसरीवरची बाज पुढे ओढली.

"बसा, डॉक्टर. उभ्याउभ्या चहा घेऊ नये."

करुणा बाजेवर ऐसपैस बसली.