दीर्घिकेचं बारसं

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तेजश्रीच्या फोनवर मेसेज आला. तेव्हा इनामगावच्या शाळेत पाळणा सजवून झाला होता आणि पाळण्यात एक छायाचित्र ठेवलं होतं.

छायाचित्र अंतराळ दुर्बिणीने काढलेलं. मधोमध क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र. त्या झगमगाटात खुद्द दीर्घिका दिसत नाही. एखाद्या ताऱ्याचा प्रकाश नमुना धरून क्वेसारचा प्रकाश वजा करावा लागतो. वजाबाकीनंतर तेजश्रीला एक फिकट डाग मिळाला होता, तीच ती दीर्घिका. शोधनिबंध तिने गेल्या महिन्यात पाठवला. गावात कळलं तसं बायकांनी बारसं ठरवलं.

मेसेज तिच्या संशोधन गटातल्या ज्ञानेशचा होता : ‘दुसरा तारा घेऊन वजाबाकी केली. काहीच उरत नाही.’

“तेजश्रीताई, दोन शब्द बोला,” सरपंच बाळासो म्हणाले. “आन् सोपं बोला, आमी दहावी नापास हाय.”

तिने शेजारी बसलेल्या आईला मेसेजचं हळूच सांगितलं. आई, सिंधूबाई, पाळण्याकडे बघतच म्हणाल्या,

“आज गप ऱ्हा. उद्या पुण्यात सांग.”

मुक्ताबाई पाळण्यावर वाकल्या होत्या. त्या तेजश्रीच्या आत्या. नाव ठेवायचा मान त्यांचा. नाव त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या पाठीत बुक्क्या घालायला बायकांनी हात उगारले.

“आत्या, थांब.”

हात वरच राहिले.

“माझी चूक झाली असंल. ती दीर्घिका तिथं नसंलही.”

“अगं, फोटू तर हाय की,” पाळण्याजवळच्या गीताबाई म्हणाल्या.

“तो डाग माझ्या वजाबाकीतून आलाय. तीच चुकली, तर डाग खोटा.”

“म्हंजी पोर झालीच न्हाई, आन् आपन घुगऱ्या खाऊन बसलो!” मागून कुणीतरी म्हणालं. एकदोघी हसल्या. सिंधूबाईंनी मान खाली घातली.

“कवा कळंल?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“अजून एक तारा घेऊन बघायचा. मग.”

“मंग नाव माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे.”

त्यांनी पाळण्याची दोरी सोडली.

निबंध थांबवण्याची विनंती तेजश्रीने नियतकालिकाला दुपारीच पाठवली. तिसऱ्या ताऱ्यावरची वजाबाकी बुधवारी झाली. डाग उरला, पण तेजाने पहिल्याच्या निम्मा. खात्रीसाठी दुर्बिणीवर पुन्हा निरीक्षणाचा वेळ मागितला आहे. उत्तर आलेलं नाही. मुक्ताबाईंनी नाव अजून कुणाला सांगितलेलं नाही.